बारशाआधीचं काम

सांगली, शुक्रवार

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या शेजारी सगळी मंडळी होती, म्हणून मी फार बोलले नाही. शिवाय माझं फोनवरचं बोलणं तू अर्धंच ऐकतोस, हा तुझ्या शाळेपासूनचा अनुभव आहे. म्हणून सरळ वहीची पानं फाडून बसले. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. तू वाच, मुग्धाला दे, आणि तिच्या आईबाबांना दाखवायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

बाळाच्या कानांच्या तपासणीच्या कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. दोन्ही कानांपुढे ‘रेफर’, म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा. तारीख-वेळ पाहिली तर तपासणी झाली तेव्हा बाळ एका दिवसाचंही नव्हतं, आणि त्यात सिझेरियनचं. एवढ्या लवकर कानाच्या नळीत जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर असतो, पडद्यामागे पाणी असतं. दोन-तीन दिवसांत ते आपोआप निवळतं. सिझेरियनच्या बाळांना पहिल्या दिवशी असा शेरा जास्तच मिळतो. पहिल्या फेरीत अडकलेल्या बाळांपैकी बहुतेक दुसऱ्या फेरीत पास होतात. कायमचा, दोन्ही कानांचा बहिरेपणा घेऊन जन्मणारी बाळं हजारामागे साधारण एक ते तीन. तेव्हा आज रात्री झोप. मुग्धालाही झोपू दे, बाळंतिणीला जागरणं काय कमी असतात?

पण ‘आता काही करायला नको, वर्षभर बघा, बोललं नाही तर या’ हे जे तुम्हाला नर्सिंग होममध्ये सांगितलं गेलं, ते मात्र डोक्यातून काढून टाक. असं सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, आईबापांना धीर द्यायचा असतो. तरी सल्ला चुकीचा आहे. तपासणी करायची, शेरा मारायचा आणि पुढे कुणी काही करायचं नाही, तर मग ती तपासणी केली कशाला?

जगभर पाळला जाणारा हिशेब सोपा आहे: एक, तीन, सहा. महिन्याच्या आत पहिली चाळणी पूर्ण, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, आणि निदान झालंच तर सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. जिथे व्यवस्था चांगली बसली आहे तिथे आता एक, दोन, तीन महिन्यांचं लक्ष्य धरतात. तुमच्या हातात पहिल्या टप्प्याचे अजून तीन आठवडे आहेत. बारसं बाराव्या दिवशी आहे ना? त्याच्या आधी किंवा फार तर त्या आठवड्यात ही टेस्ट पुन्हा करून घ्यायची. कराडलाच करायची असंही काही नाही. मिरजेला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, आहेत, मी चौकशी करून ठेवते.

आता घरच्या टेस्टबद्दल. तू म्हणालास की आजोबांनी ताट वाजवलं आणि बाळ दचकलं. मला हसू आलं, कारण आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत प्रवेशाला येणारे सगळे आईबाप हेच सांगायचे. दार आपटलं की वळतो, कुकरची शिट्टी ऐकतो, टाळी वाजवली की बघतो. बाळाला हवेचा झोत लागतो, पाळण्याला हादरा बसतो, हात हललेला दिसतो. शिवाय ताटाचा दणका ऐकू येणं निराळं आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकू येणं निराळं. मध्यम प्रमाणात कमी ऐकणारं मूल ताटाला हमखास दचकेल आणि आईचं अर्धं बोलणं त्याला कधीच पोचणार नाही. दुसरा फसवा पुरावा म्हणजे हुंकार. अजिबात ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने आऽ-ऊऽ करतात, खिदळतात. फरक पडतो तो पुढे, ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची साखळी सुरू व्हायच्या वेळी, आणि तोवर निम्मं वर्ष निघून गेलेलं असतं. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ हे वाक्य तर विहीणबाई अजून बोलल्या नसतील तर बोलतील. बोलू देत.

तुला यंत्रांची आवड, म्हणून कान तपासायचं ते मशीन काय करतं ते सांगते. मुग्धाने हा भाग सोडला तरी चालेल. कानाच्या आत, शंखात, दोन प्रकारच्या केसपेशी असतात. आतल्या रांगेतल्या साधारण साडेतीन हजार, त्या मेंदूकडे निरोप धाडतात. बाहेरच्या रांगांतल्या बारा हजारांच्या आसपास, त्या आवाज आला की स्वतः आखडतात-ताणतात आणि बारीक आवाज वाढवून देतात. तू कॉलेजात असताना गच्चीवर जो अ‍ॅम्प्लिफायर बांधत होतास, तोच प्रकार. टॉमी गोल्ड नावाच्या माणसाने १९४८ साली असं लिहिलं होतं की कानात असा वर्धक असलाच पाहिजे. तो पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून गाजला, पण कानाबद्दलचं त्याचं म्हणणं कुणी फार मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक माइक ठेवला आणि ‘टिक्’ असा आवाज सोडल्यावर काही हजारांश सेकंदांनी कानातूनच परत येणारा क्षीण आवाज पकडला. ओएई म्हणतात ती टेस्ट ती हीच. बाळाच्या कानात मऊ बूच बसवायचं, आवाज सोडायचा, परत येतो का बघायचं. टोचणं नाही, औषध नाही, काही मिनिटांचं काम. मात्र बाळ शांत हवं आणि खोलीही शांत हवी. वॉर्डात पंखा खडखडतोय, नातेवाईक पेढे वाटतायत, अशात केली तर मशीन बिचारं काय ऐकणार!

या टेस्टची एक मर्यादा मात्र लक्षात ठेव. ती फक्त बाहेरच्या पेशींपर्यंत बघते. काही बाळांत त्या पेशी ठणठणीत असतात आणि बिघाड पुढे, नसेच्या मार्गावर असतो. ओएई पास होते आणि मूल ऐकत नाही. अतिदक्षता विभागात जास्त दिवस राहिलेल्या किंवा कावीळ इतकी वाढलेल्या बाळांत, की रक्त बदलावं लागलं, हा धोका अधिक. म्हणून त्यांच्यासाठी डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का हे बघणारी टेस्ट लागते. आपल्याकडे सगळे तिला ‘बेरा’ म्हणतात. तिचाच छोटा, आपोआप पास-रेफर सांगणारा अवतार नवजात बाळांना चालतो. आपलं बाळ काविळीसाठी दोन दिवस निळ्या दिव्याखाली होतं. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण ऑडिओलॉजिस्टला आपणहून सांग, बिलिरुबिनचे, म्हणजे काविळीचे, आकडे दाखव, आणि ओएईबरोबर तीही करता येईल का विचार.

दुसऱ्यांदाही रेफर आलं, तर पूर्ण बेरा करायची, आणि ती तीन महिन्यांच्या आत. याला आणखी एक कारण आहे, जे कुणी सांगत नाही. दीड-दोन महिन्यांचं बाळ पोटभर पाजलं की तासभर गाढ झोपतं, टेस्ट त्या झोपेतच उरकते. सहा महिन्यांचं झालं की ते वायरी ओढतं, मग झोपेचं औषध द्या, औषध देऊनही ते टक्क जागं, पुढची तारीख घ्या. वर्षाच्या मुलाला घेऊन हेलपाटे घालणारे आईबाप मी बघितलेत. तेव्हा जायच्या दिवशी सकाळी बाळाला जरा जागं ठेवा, गाडीत झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावरच पाजा. गाडीत एक जण मागे बसून त्याला खेळवायला हवं. ते काम तुझं.

आणि कानात तेल घालायचं नाही. मालिशवाल्या बाई टाळू भरतील, अंगाला लावतील, ते सगळं चालू दे. पण कोमट तेलाचा थेंब कानात आणि नाकात सोडायची जी पद्धत आहे, ती बंद. तेल ओएईलाही अडवतं आणि कानाला तर त्याची मुळीच गरज नाही.

आता मी एवढी का मागे लागले आहे ते सांगते. तुझी आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती हे तुला माहीत आहे, पण तिथे काय चालायचं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही घरी फार आणलं नाही.

मी लागले तेव्हा नवजात बाळांची तपासणी हा प्रकार आमच्या कानावरही नव्हता. मुलं आमच्याकडे यायची ती पाच, सहा, कधी आठ वर्षांची होऊन. एका जूनमध्ये जत तालुक्यातून एक मुलगा वडिलांबरोबर एसटीने आला. सहा पूर्ण झालेला, डोळे चमकदार. त्याच्याकडे घरच्या खुणा होत्या, पंधरा-वीस असतील. कपाळाशी दोन बोटं, त्यातलं एक वाकवलेलं, म्हणजे त्यांचा बैल, ज्याचं एक शिंग मोडकं होतं. तळहातावर तळहात थापला की भाकरी. गळ्याभोवती बोट फिरवलं की मामा, कारण मामाच्या गळ्यात काळा गंडा. पोरगा हुशार होता यात मला पहिल्या तासातच शंका राहिली नाही. पण जे डोळ्यांना दिसतं तेवढ्यालाच त्याच्याकडे खूण होती. काल नव्हता, उद्या नव्हता, ‘का’ नव्हतं. स्वतःचं नाव असतं हेही त्याला माहीत नव्हतं, कारण हाक त्याला कधी ऐकूच आली नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने वडील निघाले. दिवाळीला न्यायला येणार होते. हे त्याला सांगायचं कसं? आम्ही चार शिक्षिका, बोर्डिंगच्या मावशी, सगळ्या त्याच्याभोवती, आणि एकीलाही जमेना. तो फाटकाचे गज धरून उभा राहिला. जेवायला आला नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे बापाने त्याला टाकून दिलं होतं, आणि ती समजूत खोडायला आमच्यापैकी कुणाकडे त्याला कळेल असं काही नव्हतं. मग कॅलेंडर आणलं. दिवाळीच्या चौकोनात आकाशकंदील आणि वडिलांची टोपी काढली, आणि रोज सकाळी त्याच्या हाताने एक चौकोन खोडायला लागलो. तो खोडायचा, पण तोंडावर काही दिसायचं नाही. आम्हाला वाटायचं, याला हे नुसतं चित्र रंगवणं वाटतंय. दिवाळीच्या सुट्टीला वडील फाटकातून आत आले तेव्हा तो धावत त्यांच्याकडे गेला नाही. आधी आत पळाला, कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं, टोपीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मग बापाच्या डोक्यावरच्या टोपीकडे बोट केलं. ‘नंतर’ नावाची गोष्ट जगात असते हे त्याला त्या दिवशी कळलं. तू अडीच वर्षांचा असताना ‘बाबा उद्या काय आणणार’ म्हणून माझं डोकं खायचास.

त्या मुलाचं नुकसान कानाने केलं नव्हतं. सहा वर्षं त्याच्याशी कुणी कुठल्याच भाषेत बोललं नव्हतं, त्याने ते केलं होतं. ऐकू येणारं बाळ आईच्या पोटात साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकायला लागतं, जन्मतं तेव्हा आईचा आवाज ओळखतं. मेंदूची भाषेची जागा पहिल्या काही वर्षांत जे मिळेल त्यावर बांधली जाते. काहीच मिळालं नाही तर ती जागा तशीच मोकळी राहत नाही, मेंदू ती दुसऱ्या कामाला लावतो. नंतर श्रवणयंत्र द्या, ऑपरेशन करा, गेलेली वर्षं भरून येत नाहीत. निदान सगळी तरी येत नाहीत.

अमेरिकेत कोलोरॅडोला क्रिस्टीन योशिनागा-इटानो म्हणून एक बाई आहेत. त्यांनी १९९८ साली दीडशे मुलांचा अभ्यास छापला. निम्म्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत सापडलेला, निम्म्यांचा त्यानंतर. आत सापडलेली मुलं भाषेत स्पष्टपणे पुढे होती. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की हा फरक बहिरेपणा सौम्य असो की तीव्र, घर गरीब असो की श्रीमंत, मूल बोलून शिकत असो की हातांच्या खुणांनी, सगळीकडे तसाच दिसला. आम्हा शिक्षकांना ट्रेनिंगमध्ये हे कुणी वाचून दाखवलं तेव्हा हॉल शांत झाला होता. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर तिच्या वर्गातली कुणी ना कुणी होती.

आपल्याकडेही कागदावर सगळं आहे. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये निघाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातल्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, आणि जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे लहान बाळांना लवकर मदत देणारी केंद्रं त्यात धरलेली आहेत. पण मशीन आहे तर माणूस नाही, माणूस आहे तर मशीन दुरुस्तीला गेलंय, हे चित्र मी फार बघितलं. कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. २००३ पासून त्यांनी एकच मशीन आणि एक शिकवलेली व्यक्ती ठेवली, आणि ती व्यक्ती ठरलेल्या वारी गावातल्या एकेका प्रसूतिगृहात जाऊन तिथल्या बाळांचे कान तपासून येऊ लागली. प्रत्येक नर्सिंग होमने मशीन घ्यायची गरजच नाही. कराड-इस्लामपूर-विटा पट्ट्यात कुणी असं का करत नाही, हा प्रश्न मी निवृत्तीच्या भाषणातही विचारला होता. टाळ्या पडल्या, चहा झाला.

असो. आपण बाळाकडे येऊ. समजा, फक्त समजा, तीन महिन्यांनी निदान पक्कं झालं. तर काय?

पहिलं म्हणजे मुग्धाला कुणी एक अक्षर बोलायचं नाही. ग्रहणात भाजी चिरली, सातव्या महिन्यात प्रवास केला, मोबाइल पोटाशी धरला, असलं काहीही. जन्मजात बहिरेपणातला निम्म्याहून जास्त भाग जनुकांचा असतो. त्यातही बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते, दोघांनाही छान ऐकू येतं, आणि बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या येतात. कनेक्सिन-२६ नावाचं जनुक यात सगळ्यांत जास्त सापडतं. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, सख्ख्या मामाशीसुद्धा लग्नं लागतात, तिथे या दोन प्रती एकत्र यायची शक्यता वाढते. तुमचं तसं काही नाही, तरीही होऊ शकतं. त्यात दोष कुणाचाच नसतो, आणि असलाच तर निम्मा तुझा, हे विहीणबाईंना मी सांगेन.

दुसरं, श्रवणयंत्र. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते लावता येतं. कानामागे बसणारं, आणि कानात साच्यावरून बनवलेला मऊ मोल्ड. बाळाचा कान भराभर वाढतो, म्हणून पहिल्या वर्षी मोल्ड सारखे बदलावे लागतात. सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, ती शिट्टी म्हणजे बिघाड नव्हे, मोल्ड बदला एवढाच निरोप. बॅटरीला रंगीत स्टिकर असतं, नारिंगी किंवा निळं. ते सोललं की मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच आत घालायची. एकदा सोललं की परत चिकटवून ती वाचत नाही. बॅटरीच्या दाराला लॉक असलेलंच यंत्र मागा, कारण बाळाने ती बटणाएवढी बॅटरी गिळली तर जीवावरचं असतं, तसंच दवाखान्यात पळायचं. आणि बाळ मशीन ओढून काढणार. दिवसातून शंभरदा काढेल, शंभरदा लावायचं. कपाटात ठेवलेल्या मशीनने आजवर कुणाला ऐकू आलेलं नाही. रोज सकाळी मशीन लावलं की तोंड झाकून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. जाड आवाजापासून बारीकपर्यंत सगळं त्यात येतं. बाळ कशाला थबकतं, कशाला नाही, ते वहीत लिहायचं. ऑडिओलॉजिस्टला ती वही सोन्यासारखी.

यंत्राने पुरेसा फायदा झाला नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या शंखात बसवायचं यंत्र. वर्षाच्या आसपास विचार होतो. केंद्र सरकारच्या एडीआयपी या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर, ते मोफत मिळतं. मुंबईला वांद्रे रेक्लमेशनवर कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, ती त्याचं काम बघते. आपण उत्पन्नाच्या अटीत बसणार नाही बहुधा, तेव्हा खर्चाचा विचार बाबा आणि मी करू. मात्र एक लक्षात घे. ऑपरेशन झालं म्हणजे मूल ऐकायला लागलं, असं नसतं. तीन-चार आठवड्यांनी ते चालू करतात, मग मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र त्या मुलाला जुळवून घ्यायच्या, फेऱ्या, मग थेरपीची वर्षं. बाहेरचा भाग पडतो, भिजतो, हरवतो, आणि त्याची दुरुस्ती महाग असते. शस्त्रक्रियेचा फोटो पेपरात छापून आलेली आणि पुढे थेरपीला कधीच न गेलेली मुलं आमच्या शाळेत आलीत. जीन थेरपीच्या बातम्या तू आज रात्री शोधशीलच. २०२४ मध्ये आलेले ते निकाल खरे आहेत, पण ओटोफर्लिन या एका जनुकाच्या बिघाडापुरते, आणि तो बिघाड क्वचित असतो. त्याची वाट बघत बसायचं नाही.

तिसरं कदाचित तुला खटकेल. मी म्हणेन, निदान झाल्या दिवसापासून घरात खुणांची भाषाही शिकायला घ्या. तुम्ही दोघं, मी, बाबा, सगळे. लोक सांगतील की हाताची सवय लागली तर मूल बोलणार नाही. हे १८८० साली मिलानच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षकांनी ठराव करून ठरवलं, आणि शंभर वर्षं जगभरच्या शाळांनी मुलांचे हात बंद केले. आमच्याही शाळेचा नियम तोच होता. वर्गात सगळे आरशासमोर ओठ हलवायचे, आणि रात्री बोर्डिंगमध्ये दिवे गेले की पोरं खिडकीतल्या उजेडात हातांनी अशा गप्पा मारायची की विचारू नकोस. विनोद, भांडणं, सिनेमाच्या गोष्टी. भाषा तिथे वाढत होती. जतचा तो मुलगासुद्धा बोलायला, खरं बोलायला, तिथेच शिकला. बाळाला दोन्ही मिळू देत. कानातून येईल ते कानातून, डोळ्यांतून येईल ते डोळ्यांतून. रात्री अंघोळीनंतर मशीन काढलेलं असतं, बॅटरी संपलेली असते, तेव्हा बाळाशी काय बोलणार? भारतीय सांकेतिक भाषेचा कोश आता सरकारनेच केला आहे, २०२१ मध्ये त्यात दहा हजार शब्द झाले, व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. ‘दूध’, ‘आई’, ‘संपलं’, ‘उद्या’ यांपासून सुरुवात करू.

हे सगळं ‘समजा’च्या पलीकडचं झालं. मला वाटतं बाळ पास होईल. झालं तर पेढे, पण तरीही कार्ड फेकायचं नाही. काही बहिरेपण नंतर येतं, गालगुंडाने, मेंदूज्वराने, गर्भात झालेल्या सीएमव्ही नावाच्या विषाणूच्या संसर्गाने. सहा-सात महिन्यांत आवाजाच्या दिशेने मान वळते का, नवव्या-दहाव्या महिन्यात ‘बाबाबा’ येतं का, वर्षाच्या पुढेमागे एखादा शब्द येतो का, एवढं बघत राहायचं. शंका आली की त्याच आठवड्यात टेस्ट.

आत्ता करायचं ते असं. नर्सिंग होममधून बाळाची पूर्ण फाईल मागून घे, पहिल्या टेस्टचा मूळ कागद त्यात हवा, फोटो चालत नाही. काविळीचे रिपोर्ट, दिलेल्या इंजेक्शनांची नावं, जन्माचं वजन, सगळं. माझ्या माहेरी कुणी जन्मतः बहिरं नाही. तुझ्या बाबांच्या मोठ्या आत्या कमी ऐकायच्या, पण ते म्हातारपणी की आधीपासून, ते मी आज त्यांच्या मुलाला फोन करून विचारते. मुग्धाने तिच्याकडचं विचारावं, आडून आडून नको, सरळ. मी सोमवारी दुपारच्या एसटीने कराडला येते. मंगळवारची मिरजेची वेळ मिळाली तर तिथूनच गाडी करून जाऊ.

बाबांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही, तूच संध्याकाळी फोन कर. ते विचारतील, ‘खर्च किती?’ तू सांग की आत्ता फक्त टेस्टचा.

तुझी,
आई

ता. क. मालिशवाल्या बाईंना तेलाबद्दल तुम्ही काही बोलू नका. त्या दुखावल्या तर मधेच काम सोडतील, आणि मुग्धाला या दिवसांत त्यांची गरज आहे. तोवर अंघोळीच्या वेळी तू स्वतः बाळाचं डोकं धरून बस. बाकी मी आल्यावर बघते.